मोटारीची शक्ती वाढविण्यापूर्वी

पुण्याहून सोलापूर, उमरगा, हुमनाबाद अशी गावे घेत हैदराबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाच्या मधोमध जातो. त्या मार्गाच्या दोन्ही टोकांच्या महानगरांत नोकरीधंद्यानिमित्त स्थिरावलेले निर्णा, चिटगुप्पा, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद इकडचे तरुण सणासुदीस गावी परततात, तेव्हा पूर्वी या मुलखात केवळ चित्रांतून दिसणाऱ्या चपळ, टर्बो बसविलेल्या मोटारीही त्यांच्याबरोबर येऊ लागल्या आहेत. दोन आसनांची, कोटींच्या घरातील अस्सल स्पोर्ट्‌स मोटार क्वचितच कोणाच्या दारी असेल. परंतु पोलो जीटी, अबार्थ पुंतो, ऑक्टाव्हिया आरएस यांसारख्या, कुटुंबाच्या उपयोगाच्या असूनही वेगाच्या हौसेने घेतलेल्या गाड्या जुन्या बाजारात आवाक्यातील किमतीस मिळू लागल्या आहेत. अशी गाडी घेतल्यावर सहा महिन्यांच्या आत मालकाच्या कानावर हमखास पडणारे वाक्य म्हणजे, ‘तीस-चाळीस हजारांत तीस घोडे वाढवून देतो.’

हे वाक्य खोटे नसते. ते अपुरे असते. वाढलेली शक्ती डायनोच्या, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदावर त्याच दिवशी दिसते, आणि तिच्यापोटी काय गमावले याचा हिशेब मात्र वर्षा-दोन वर्षांनी, बहुधा गॅरेजच्या बिलाच्या रूपाने, पुढे येतो. हौसेस मोडता घालण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. खर्चाची, धोक्याची आणि कायद्याची जी कलमे विक्रेता सहसा सांगत नाही, ती वाचकांपुढे एकत्र मांडावी आणि मग निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, एवढाच उद्देश आहे.

कारखान्याने राखलेले अंतर

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती अशी की, कोणतेही इंजिन देऊ शकते तेवढी सर्व शक्ती कारखाना त्यातून काढीत नाही. पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाटच्या दोन मोटारी या बाबतीत फार बोलक्या आहेत. लिनिया टी-जेट आणि २०१५ साली विक्रीस आलेली अबार्थ पुंतो या दोहोंत १३६८ घनसेंटिमीटरचे टी-जेट कुळातलेच टर्बो इंजिन होते. परंतु लिनियात ते ११४ पीएस शक्ती देई आणि अबार्थमध्ये १४५. ज्या अबार्थचे नाव त्या गाडीस लाभले, ती कार्लो अबार्थ याने १९४९ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे स्थापिलेली पेढी लहान फियाट मोटारींची शक्ती वाढविण्याच्या विद्येवरच नावारूपास आली आणि १९७१ मध्ये फियाटनेच ती विकत घेतली. इंजिनात फेरफार करणे ही कृती मुळातच निषिद्ध असती, तर कारखान्याने ती आपल्या घरात आणली नसती.

परंतु याच उदाहरणाची दुसरी बाजू अधिक शिकवणारी आहे. शक्ती ११४ वरून १४५ वर गेली, म्हणजे सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढली. टॉर्क मात्र २०७ न्यूटन-मीटरवरून केवळ २१२ वर गेला. टॉर्क म्हणजे क्रँकला मिळणारा पीळ, आणि शक्ती म्हणजे तो पीळ गुणिले फेऱ्यांची गती. कारखान्याने वाढ मिळविली ती मुख्यत्वे वरच्या फेऱ्यांत श्वास मोकळा करून. गिअरबॉक्सवर, क्लचवर आणि कनेक्टिंग रॉडवर ज्याचा थेट भार पडतो, तो पीळ जवळजवळ होता तेथेच ठेवला. बाजारातील रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील इंधन, ठिणगी व टर्बोचा दाब ठरविणारा ‘नकाशा’ नव्याने लिहिणे, याच्या नेमके उलट वागतो: टर्बोचा दाब कमी फेऱ्यांतच वाढवून तो प्रथम पीळ वाढवितो, कारण चालकाच्या पाठीला जाणवतो तो पीळच, आणि पहिल्याच फेरीत गिऱ्हाईक खूष होते.

शिल्लक ठेवलेली ही क्षमता निरुपयोगी पडून असते अशी समजूत हाच साऱ्या अनर्थाचा उगम आहे. घरात धान्याची कितीही तंगी पडली तरी पुढच्या मृगासाठी निवडून ठेवलेल्या तुरीच्या बियाण्यास शेतकरी हात लावीत नाही. कारखान्याने राखलेले अंतरही त्याच जातीचे असते. ते मे महिन्याच्या उन्हासाठी, भेसळीच्या पेट्रोलासाठी, तेल बदलण्यास झालेल्या दिरंगाईसाठी, सामान लादून चढलेल्या घाटासाठी आणि दीड लाख किलोमीटरनंतर झिजलेल्या भागांसाठी राखलेले असते. ते आज खर्ची टाकले, तर यांपैकी एखादा प्रसंग येताच इंजिनापाशी देण्यासारखे काही उरत नाही.

काही इंजिनांत हे अंतर फार मोठे असते, हे खरे. टोयोटा सुप्रा या मोटारीतील तीन लिटरच्या ‘टू-जे-झेड’ इंजिनाची कीर्ती त्यातूनच जन्मली. जपानी उत्पादकांनी आपसांतील समझोत्याने आपल्या देशात २८० पीएसच्या वर शक्ती न जाहीर करण्याचे ठरविले होते. निर्यातीच्या गाड्यांत तेच इंजिन ३२० अश्वशक्तीच्या घरात होते, आणि त्याचा बिडाचा जाड ठोकळा त्याहूनही पुष्कळ अधिक भार सोसणारा निघाला. त्या एका इंजिनाच्या पुण्याईवर जगभरच्या ट्यूनरांची, म्हणजे शक्ती वाढवून देणाऱ्या कारागिरांची, दंतकथा उभी आहे. पण आजचे हजार-बाराशे घनसेंटिमीटरचे, वजन आणि इंधन वाचविण्यासाठी अॅल्युमिनियमचा ठोकळा व हलके पिस्टन घालून बनविलेले इंजिन त्या दंतकथेचा वारस नव्हे, हे विसरून चालणार नाही.

ताण कोठे साचतो

पेट्रोल जाळून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक-तृतीयांशच चाकांच्या कामी येते; उरलेली धुराड्यातून आणि रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. शक्ती चतुर्थांशाने वाढली की टाकावयाची उष्णताही जवळपास त्याच प्रमाणात वाढते. रेडिएटर, तेलाचा पंप आणि इंटरकूलर मात्र पूर्वीचेच असतात. तेल तापले की पातळ होते, पातळ तेलाचा थर बेअरिंगमध्ये टिकत नाही, आणि धातूस धातू लागला की काही सेकंदांत इंजिन सीझ होऊ शकते. टर्बोचे चाक मिनिटास लाखाहून अधिक फेऱ्या घेते आणि त्याच्या गरम बाजूस भिडणारा धूर नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. जोरात पळविलेली गाडी दाराशी आणून तत्काळ बंद केली, तर त्याच्या आसातील तेल जागेवर जळून कोळशासारखे चिकटते. अशी गाडी शेवटचा मैल सावकाश चालवावी, अथवा बंद करण्यापूर्वी मिनिटभर संथ फिरू द्यावे.

दुसरा शत्रू म्हणजे नॉकिंग, ज्यास आपले मिस्त्री ‘इंजिन ठोकते’ असे म्हणतात. ठिणगी पडल्यावर मिश्रणाची ज्योत शिस्तीने पसरावयास हवी. दाब आणि उष्णता मर्यादेबाहेर गेली की कोपऱ्यातील न जळलेले मिश्रण आपोआप पेटते आणि पिस्टनवर घणाचे घाव बसल्यासारखा आघात होतो. पिस्टनच्या दोन कड्यांमधील पातळ धार तुटणे ही या आघाताची नेहमीची परिणती. आधुनिक गाडीतील नॉक सेन्सर हे ओळखून ठिणगीची वेळ मागे घेतो, म्हणजे शक्ती कमी करतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, हिवाळ्यात पहाटे डायनोवर दिसलेले वाढीव घोडे वैशाखाच्या दुपारी, साधे पेट्रोल भरलेले असता, पुष्कळसे परागंदा झालेले असू शकतात. आणि नकाशा लिहिणाऱ्याने या सेन्सरची संवेदनशीलता कमी करून ठेवली असेल, तर घोडे राहतात, पिस्टन जातो.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या लहान टर्बो इंजिनांत याहून घातक असा आणखी एक प्रकार संभवतो: फेऱ्या दीड-दोन हजार असताना वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर ठिणगी पडण्याच्या आधीच मिश्रण पेटते. यावर उपाय दोन. कमी फेऱ्यांत जोर न मागता गिअर उतरवावा, आणि कारखान्याने सांगितलेल्या मानकाचेच, शक्य तेथे एपीआय एसपी दर्जाचेही, तेल वापरावे.

ज्यांच्या गाडीस टर्बो नाही, त्यांची वाट निराळी आणि अधिक कष्टाची असते. तेथे नुसत्या रिमॅपने फारसे काही साधत नाही. फेऱ्यांची मर्यादा वाढवावी लागते, कॅमशाफ्ट बदलावे लागते, कम्प्रेशन वाढवावे लागते. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांवरील जडत्वाचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मर्यादा ६,००० वरून ७,२०० वर नेली तर वाढ वीस टक्क्यांची वाटते, ताण मात्र चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढतो.

इंजिन टिकले तरी त्याच्या पाठीमागची साखळी टिकेलच असे नाही. चाकणच्या कारखान्यात बनलेली आणि २०१३ मध्ये बाजारात आलेली पोलो जीटी टीएसआय १०५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. तिचा सात गतींचा, कोरड्या दुहेरी क्लचचा ‘डीक्यू २००’ गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरच्या मर्यादेपर्यंतच बनविलेला आहे. कागदावर पाऊणशे न्यूटन-मीटरचे अंतर दिसते, आणि रिमॅप विकणारा नेमके तेच दाखवितो. परंतु त्याच गिअरबॉक्सबद्दलच्या तक्रारींमुळे कंपनीस २०१३ च्या मार्च महिन्यात एकट्या चीनमध्ये सुमारे ३ लाख ८४ हजार मोटारी परत बोलवाव्या लागल्या होत्या, आणि त्या गाड्यांच्या इंजिनास कोणी हात लावलेला नव्हता. जो भाग मूळ भारातच कुरकुरतो, त्यावर आणखी भार टाकताना नुसत्या आकड्यांतील अंतरावर विसंबणे शहाणपणाचे नव्हे.

आपल्या मुलखाची हवा, धूळ आणि पेट्रोल

मुंबईच्या ट्यूनरचा नकाशा तेथील हवेसाठी लिहिलेला असतो. आपले बीदर-हुमनाबादचे पठार समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच असल्याने हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ असते; तोच दाब गाठण्यासाठी टर्बोला अधिक फिरावे लागते आणि हवा अधिक तापते. कलबुर्गीकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर राहतो, याची त्यात भर पडते.

हवेपेक्षा धूळ अधिक वाईट. बीदर-हुमनाबादचे पठार जांभ्या दगडाचे. त्याची तांबडी बारीक धूळ कच्च्या रस्त्यांवर सदैव तरंगत असते, आणि शहाबाद-वाडीकडे गेले तर फरशीच्या खाणींची व सिमेंटची भुकटी तिच्या सोबतीस येते. शक्ती वाढविण्याची पहिली पायरी म्हणून जो उघडा शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर बसवितात, तो रेसच्या स्वच्छ धावपट्टीसाठी योग्य असला तरी आपल्या रस्त्यांवर मूळ कागदी फिल्टरइतकी धूळ अडवीत नाही. जी धूळ आत जाते, ती तेलात मिसळून सिलिंडरच्या भिंती घासते. तेल लावून वापरावयाच्या कापडी फिल्टरचे तेल उडून हवेच्या सेन्सरवर बसते, हा आणखी एक उपद्रव. हवेची नळी खाली आणून बसविलेली असेल तर पावसाळ्यात ओढ्यावरच्या पुलाचे पाणी इंजिनात ओढले जाण्याचे भय असते. पाणी दाबले जात नाही, म्हणून रॉड वाकतो. आणि अशा हानीस, स्वतंत्र इंजिन-संरक्षण घेतलेले नसेल तर, विमा कंपन्या सहसा दाद देत नाहीत.

पेट्रोलचा प्रश्न तर सर्वांत नाजूक आहे. शंभर ऑक्टेनचे पेट्रोल इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणले ते निवडक शहरांत. ते प्रत्येक लहान गावच्या पंपावर मिळेल याचा भरवसा नाही. हैदराबादेत उंची पेट्रोलावर बेतून घेतलेला नकाशा घेऊन गाडी गावी आली आणि टाकी साध्या पेट्रोलाने भरावी लागली, तर नॉकिंगचा धोका प्रत्यक्ष दारी येऊन उभा राहतो. आता सर्वत्र मिळणारे वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल या बाबतीत दुधारी आहे: इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढते आणि मिश्रण थंड राहते, हा लाभ, परंतु तितक्याच हवेस अधिक इंधन फवारावे लागते, आणि शक्ती वाढविताना पंप व इंजेक्टर आधीच आपल्या शिखरास पोचलेले असतील, तर मिश्रण ऐन भरात विरळ पडून पिस्टन जळतो. ज्यास नकाशा घ्यावयाचाच आहे, त्याने आपल्या गावच्या पंपावर जे मिळते त्याच पेट्रोलाची टाकी घेऊन ट्यूनरकडे जावे.

गाडी बंद पडली तर काय, याचाही विचार आधी करावा. गावच्या मिस्त्रीचे कसब कमी नसते, परंतु अशा गाडीचे संगणकीय निदान करणारे यंत्र बहुधा हैदराबाद, सोलापूर किंवा पुण्यासच सापडते; आणि दुहेरी क्लचच्या गाडीस टोचन लावून चाकांवर लांब ओढीत नेणे गिअरबॉक्सला अपायकारक असल्याने सपाट पाट्याच्या गाडीचे भाडे भरावे लागते.

खर्चाचा ताळेबंद

जाहिरातीतील चाळीस हजारांचे काय होते, ते एका ढोबळ अंदाजाने पाहू. दर गाडीगणिक आणि गावागणिक बदलतात. येथे केवळ कलमांचे परस्परप्रमाण ध्यानात घ्यावे. समजा, रिमॅप ४०,०००. मोठा इंटरकूलर बसविण्यासह ५०,०००. वाढलेला वेग पेलणारे चार चांगले टायर ४०,०००. ब्रेकच्या डिस्क, पॅड आणि तेल ३०,०००. नवे प्लग, इग्निशन कॉइल व इंजिन तेल १५,०००. फेरफारापूर्वीची व नंतरची डायनो चाचणी १०,०००. बेरीज होते १ लाख ८५ हजार. हे काम जबाबदारीने केल्याचे मोल आहे. केवळ पहिल्या कलमावर थांबणारा मनुष्य उरलेले १ लाख ४५ हजार वाचवीत नाही, त्यांची जोखीम आपल्या इंजिनावर आणि आपल्या जिवावर घेतो.

यापुढे आवर्ती खर्च. कारखान्याने पंधरा हजार किलोमीटरला सांगितलेले तेल साडेसात हजारांना बदलावे लागते. वर्षास दहा हजार किलोमीटर आणि लिटरला बारा किलोमीटर धरले, तर सव्वाआठशेहून अधिक लिटर पेट्रोल लागते. उंची पेट्रोल लिटरमागे आठ रुपयांनी महाग धरल्यास वार्षिक साडेसहा हजारांची भर पडते. क्लच, इंजिनाचे माउंटिंग, टायर यांचे आयुष्य घटते, ते निराळेच.

तिसरे कलम राखीव निधीचे, आणि ते बहुतेक जण मांडतच नाहीत. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचे काम निघाले तर दीड-दोन लाख, आणि इंजिन उतरवून नवे पिस्टन, रॉड, बेअरिंग घालावे लागले तर दोन-तीन लाखांची तजवीज करावी लागू शकते. ज्या मोटारीची विक्री बंद झाली आहे, फियाटची उदाहरणार्थ, तिच्या सुट्या भागांसाठी गाडी महिनोन् महिने उभी राहते, याची किंमत रुपयांत मांडता येत नाही. तेव्हा साधा नियम असा ठेवावा की, फेरफारावर जेवढी रक्कम खर्चावयाची, तेवढीच रक्कम मोडतोडीसाठी बाजूस काढता येत असेल तरच कामास हात घालावा. कर्ज काढून शक्ती वाढवू नये. ही रक्कम विक्रीच्या वेळी परत मिळेल असेही समजू नये, कारण जाणता खरेदीदार फेरफार केलेल्या गाडीस अधिक नव्हे, कमी भाव देतो.

हमी, विमा आणि कायदा

कारखान्याची हमी चालू असताना इंजिनाच्या संगणकातील मूळ नकाशा बदलला, तर इंजिन व गिअरबॉक्स यांविषयीची हमी गमावण्याची तयारी ठेवावी. मूळ नकाशा पुन्हा चढविला की कोणास पत्ता लागत नाही, ही समजूत भाबडी आहे. अनेक गाड्यांचा संगणक किती वेळा लिहिला गेला याची नोंद स्वतःच ठेवतो.

विम्याचा करार परस्परविश्वासावर उभा असतो. महत्त्वाची वस्तुस्थिती दडविली, तर दावा नामंजूर करण्यास कंपनीला सबब मिळते. अपघातात तिऱ्हाइतास द्यावयाची भरपाई कंपनीने प्रथम द्यावी आणि मागाहून मालकाकडून वसूल करावी, असे आदेशही न्यायालये प्रसंगविशेषी देतात. म्हणून फेरफार लेखी कळवावा, जादा हप्ता भरावा आणि त्याची पोच दप्तरी ठेवावी.

कायदा याहून कडक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने मूळ निर्दिष्ट केलेल्या आणि नोंदणी-पुस्तकात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच अर्थाचा निर्णय दिला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आवाज आणि धूर यांची मानके मोडल्यास कलम १९० अन्वये तीन महिन्यांपर्यंत कारावास वा दहा हजारांपर्यंत दंड आहे. धुराड्यातील कॅटलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे, हा बाजारात सर्रास सुचविला जाणारा उपाय, थेट या कक्षेत येतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा या धूर-मानकाच्या गाड्यांत तर तो कन्व्हर्टर काढताच सेन्सर तक्रार नोंदवितात, आणि ती दडविण्यासाठी संगणकात आणखी खोटेपणा करावा लागतो. असे काम कोणी कितीही स्वस्तात करून देत असला तरी करवून घेऊ नये.

सीमाभागातील वाचकांसाठी एक विशेष सूचना. पुण्यात वा हैदराबादेत नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात राहिली की तिची येथे फेरनोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे नाहरकत प्रमाणपत्र लागते आणि बीदर वा कलबुर्गीच्या परिवहन कार्यालयात गाडीची तपासणी होते. इंजिन बदलले असेल तर त्यावरील क्रमांक पुस्तकाशी जुळणार नाही, आणि मग आयुष्यभराचा कर भरूनही गाडी दारात उभी ठेवण्याची पाळी येईल.

करावयाचेच असेल तर

हे सर्व वाचूनही ज्याची हौस शाबूत आहे आणि ज्याच्या तिजोरीत राखीव निधी आहे, त्याने कामाचा क्रम उलटा धरावा: शक्ती सर्वांत शेवटी.

पहिली पायरी तपासणीची. चारही सिलिंडरचे कम्प्रेशन मोजून घ्यावे. त्यांत लक्षणीय तफावत असेल, तेल जळत असेल, पाणी कमी होत असेल, क्लच घसरत असेल, तर प्रथम दुरुस्ती, फेरफार नाही. जुनी गाडी घेताना हीच तपासणी अधिक कसोशीने करावी, कारण पूर्वीच्या मालकाने शक्ती वाढवून, गाडी दामटून, मग मूळ नकाशा चढवून विकल्याची शक्यता असते. गाडीचे बिलबुक, तेल बदलल्याच्या तारखा आणि संगणकातील नोंदी पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये.

दुसरी पायरी थांबविण्याची. टायर, ब्रेक, सस्पेन्शन यांवर खर्च केल्याने गाडी वास्तविक अधिक वेगाने वळते आणि अधिक लवकर थांबते. पुष्कळांची हौस येथेच पुरी होते, आणि इंजिनाचे आयुष्य तसूभरही घटत नाही.

तिसरी पायरी देखरेखीची. तेलाचे तापमान आणि टर्बोचा दाब डोळ्यांपुढे दिसेल अशी सोय करावी. तेल तापल्याशिवाय गाडी पळवू नये, आणि अति तापले की पाय उचलावा.

चौथी पायरी नकाशाची. ट्यूनर निवडताना त्याच्या दुकानाच्या झगमगाटाकडे न पाहता त्यास पाच प्रश्न विचारावेत: फेरफारापूर्वीचे आणि नंतरचे डायनोचे आलेख तो देईल काय, रस्त्यावर चालवून नॉक, मिश्रण आणि तापमान यांची नोंद घेऊन दाखवील काय, गिअरबॉक्सची मर्यादा किती, आणि त्याच्या नकाशात सर्वाधिक टॉर्क किती, मूळ नकाशा जतन करून हाती देईल काय, आणि आपल्या कामाचे पक्के बिल व त्यावर जबाबदारीची मुदत लिहून देईल काय. शेवटच्या प्रश्नास जो हसून बगल देतो, त्याच्याकडे गाडीची किल्ली सोपवू नये. आणि जो देतो, त्यास स्पष्ट सांगावे की टॉर्कची वाढ मर्यादित ठेवावी, विशेषतः अडीच हजार फेऱ्यांच्या खाली, आणि नकाशा उन्हाळ्याच्या हिशेबाने लिहावा. दहा घोडे कमी मिळतील. इंजिन पुष्कळ अधिक टिकेल.

राहता राहिला प्रश्न, ही वाढलेली शक्ती वापरावयाची कोठे. महामार्ग ६५ वर उसाच्या बैलगाड्या, शाळकरी मुले आणि उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या असतात. तेथे तिला वाव नाही, आणि असूही नये. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० पासून आणि कोइंबतूरजवळ ‘कारी मोटर स्पीडवे’ या नावाने बंदिस्त धावमार्ग आहेत. प्रशिक्षणाचे वर्ग तेथे चालतात. मूळ स्थितीतील गाडी घेऊन, किंवा तेथलीच गाडी भाड्याने चालवून, जाणत्या शिक्षकाच्या शेजारी बसून एक-दोन दिवस काढले, तर पुष्कळांना असे आढळून येईल की गाडीतील शक्ती कमी नव्हती, ती वापरण्याचे शिक्षण कमी होते.

म्हणून निर्णयाची वाटणी सरळ करावी. घरात एकच गाडी असेल आणि तिच्यावर दवाखाना, बाजार, शाळा, लग्नकार्य सारे अवलंबून असेल, तर इंजिनास हात लावू नये. हमी शिल्लक असेल तर ती संपेपर्यंत थांबावे. दुसरी गाडी आहे, निधी आहे, ट्यूनर लेखी जबाबदारी घेतो आहे आणि विमा कंपनीस कळविण्याची तयारी आहे, या चारही अटी पुऱ्या होत असतील तर कायद्याच्या मर्यादेत राहून मध्यम प्रमाणातील फेरफार करावा. यांतील एकही अट अपुरी असेल, तर ठेवलेली रक्कम टायर-ब्रेकवर आणि एका चांगल्या प्रशिक्षणवर्गावर खर्च करावी.